कारंजा (लाड) : घराण्यांच्या वह्या आणि मंदिरांतील अक्षरे

(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



आजोबांचे नाव प्रत्येकाला सांगता येते. पणजोबांचे नाव शेताच्या जुन्या उताऱ्यामुळे किंवा वाटणीपत्रामुळे पुष्कळांना ठाऊक असते. खापरपणजोबांच्या नावापाशी बहुतेक घरांत घोटाळा सुरू होतो आणि खापरपणजीचे नाव विचारले तर सारे घर एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागते. घराण्याचा इतिहास हा राजे-सरदारांचा विषय आहे, दुकानदाराला त्याचे काय, अशी एक समजूत आपल्या समाजात रुजलेली आहे. ती किती चुकीची आहे हे वऱ्हाडातील एका लहानशा गावाच्या उदाहरणावरून पाहता येते. ते गाव म्हणजे कारंजा (लाड).

कारंजा हे वाशीम जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. १९९८ साली वाशीम जिल्हा वेगळा झाला, त्यापूर्वी ते अकोला जिल्ह्यात मोडत असे. दत्तसंप्रदायातील थोर सत्पुरुष श्रीनृसिंह सरस्वती यांचे हे जन्मस्थान म्हणून महाराष्ट्रभरातून भाविक येथे येतात. मध्ययुगात या गावाला 'बीबीचे कारंजे' असेही म्हणत. गावाला तट होता. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस, पोहा वेस ही नावे आजही लोकांच्या तोंडी आहेत. ज्या गावाच्या एका वेशीला दिल्लीचे नाव मिळते, त्या गावाचा व्यापार केवळ आठवडी बाजारापुरता नव्हता हे उघड आहे.

त्या संपत्तीचा दाखला इतिहासाने दिलेला आहे. १६७० साली दुसऱ्यांदा सुरत लुटल्यानंतर छत्रपती शिवाजी महाराजांनी मोगलांच्या ताब्यातील वऱ्हाडात अकस्मात धडक मारली ती कारंज्यावर. सोने, चांदी आणि उंची वस्त्रे मिळून सुमारे एक कोटी रुपयांचा ऐवज चार हजार बैल व गाढवांवर लादून नेला, असे इतिहासकारांनी नमूद केले आहे. गावातील धनिकांना खंडणीसाठी धरून नेण्यात आले. त्यांतील सर्वांत मोठा सावकार तेवढा निसटला, तो स्त्रीवेष घेऊन. कारण महाराजांचे सैन्य स्त्रीच्या अंगाला हात लावणार नाही याची त्याला खात्री होती. या प्रसंगात त्या सावकाराची हुशारी किती आणि महाराजांच्या शिस्तीची कीर्ती किती, याचा विचार श्रोत्यांनीच करावा. येथे महत्त्वाची गोष्ट एवढीच की लुटीच्या त्या ऐवजात सोन्या-चांदीच्या जोडीला कापडाची गणना झालेली आहे.

गावात 'कस्तुरीच्या हवेली'ची कथा सांगतात. कोणा परदेशी व्यापाऱ्याची सारी कस्तुरी येथील श्रीमंताने एकरकमी विकत घेतली आणि ती वाड्याच्या चुन्यात कालवली, असा तिचा आशय. कथा रम्य आहे; परंतु नफा-तोट्याचे गणित जाणणारा वाणी कस्तुरी चुन्यात घालील, यावर दुसऱ्या वाण्याने विश्वास ठेवणे कठीण. अशा कथा जपाव्यात, पण त्यांना कथाच म्हणावे. घराण्याच्या इतिहासाला आधार लागतो तो अक्षरांचा, आणि ती अक्षरे कारंज्यात विपुल आहेत.

कारंज्यातील जैन समाजात बघेरवाल ज्ञातीची वस्ती मोठी. राजस्थानातील बघेरा हे या ज्ञातीचे मूळ गाव मानले जाते आणि तिची ५२ गोत्रे सांगितली जातात. चित्तोडगडावरील सुमारे २२ मीटर उंचीचा जैन कीर्तिस्तंभ ज्या श्रेष्ठी जिजाने उभारला, तो बघेरवालच होता. ही मंडळी टप्प्याटप्प्याने वऱ्हाडात आली, येथली भाषा बोलू लागली आणि राजस्थानी गोत्रनामे मराठी उच्चारांत मुरून आडनावे झाली. आज त्यांच्या घरातली भाषा मराठीच आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिणेतील तीर्थांची यात्रा करून शीलविजय या श्वेतांबर साधूंनी 'तीर्थमाला' रचली. तीत कारंज्याच्या भोज संघवी या बघेरवाल श्रावकाच्या धर्मनिष्ठेचे आणि औदार्याचे भरभरून वर्णन आहे. श्वेतांबर साधूने दिगंबर श्रावकाची मनापासून स्तुती करावी, ही गोष्ट आजच्या काळात मुद्दाम सांगण्यासारखी आहे.

कारंज्याचे खरे वैशिष्ट्य म्हणजे एकाच गावात तीन भट्टारक-परंपरा नांदल्या : सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ. तिघांची तीन मंदिरे आजही उभी आहेत. काष्ठासंघाच्या मंदिरातील लाकडी कोरीवकाम पाहणाऱ्याचे पाय तेथेच खिळून राहतात. भट्टारक हे मठाधिपती असत. मूर्तींची प्रतिष्ठा करणे, ग्रंथ लिहवून घेणे, व्रतांची उद्यापने करविणे आणि श्रावकांच्या तंट्यांत निवाडा देणे ही त्यांची कामे. विसाव्या शतकात या गाद्या रिकाम्या झाल्या. भट्टारकांच्या वैभवावर सुधारकांनी पुष्कळ टीका केली आणि तीत तथ्यही होते. तथापि एक ऋण मान्य केलेच पाहिजे. चारशे-पाचशे वर्षे या गाद्यांनी समाजाचे दप्तर सांभाळले. कोणी मूर्ती दिली, कोणी पोथी दिली, कोणत्या गुरूच्या उपदेशाने दिली, हे लिहून ठेवण्याची शिस्त त्यांनीच लावली.

ही शिस्त कशी होती ते नीट पाहण्याजोगे आहे. धातूच्या मूर्तीच्या पाठीमागे अथवा पीठावर बारीक अक्षरांत लेख असतो. आधी शक किंवा विक्रम संवत, महिना, तिथी. मग संघ, गण, गच्छ. मग कुंदकुंदाचार्यांच्या किंवा त्या त्या आचार्यांच्या अन्वयाचा उल्लेख. मग भट्टारकांची गुरुशिष्यपरंपरा आणि 'उपदेशात्' हा शब्द. त्यानंतर दात्याची ज्ञाती, गोत्र आणि त्याचे कुटुंब. 'सा' या एकाक्षराने दात्याचे नाव सुरू होते. तो 'साहू' किंवा 'साह' याचा संक्षेप. पुढे भार्या अमुक, त्यांचे पुत्र अमुक, त्या पुत्राची भार्या अमुक, आणि अखेरीस 'नित्यं प्रणमंति', म्हणजे हे सर्व जण नित्य वंदन करतात.

येथे थोडे थांबले पाहिजे. घरोघरी काचेच्या चौकटीत लावलेल्या वंशावळी पाहा. झाडाच्या फांद्यांवर पुरुषांची नावे असतात. मुली व सुना त्यांत क्वचितच दिसतात. हे झाड अलीकडचे. चारशे वर्षांपूर्वीच्या मूर्तिलेखात मात्र भार्येचे नाव आहे, सुनेचे आहे, आणि पती हयात नसताना एकट्या श्राविकेने मूर्ती भरविली असेल तर तिचेच नाव आहे. जी खापरपणजी घरच्या स्मरणातून नाहीशी झाली, तिचे नाव देवाच्या पाठीमागे कोरलेले सापडण्याचा संभव आहे. रोज प्रक्षाळ करणाऱ्या हातांखालून ते नाव जात असते, आणि घराला त्याची वार्ता नसते.

पोथ्यांचेही तसेच. पोथी लिहवून मंदिराला किंवा त्यागीजनांना देणे हे शास्त्रदान. व्रताचे उद्यापन झाले की यथाशक्ती मूर्ती, यंत्र किंवा पोथी अर्पण करण्याची चाल होती. पोथीच्या शेवटी लेखक, म्हणजे नक्कल करणारा, मिती, गाव आणि मंदिर नोंदवून पोथी कोणी लिहविली ते सांगतो आणि 'ज्ञानावरणीयकर्मक्षयार्थ' असा हेतू लिहितो. अनेकदा दात्याच्या दोन-तीन पिढ्या तेथे ओळीने येतात. सध्याच्या घराण्यांना आपली वंशावळ भाटांकडे किंवा तीर्थावरच्या पंड्यांकडे शोधावी लागते. ग्रंथभांडारातील शेवटची पाने उलटून पाहणे कोणाला सुचत नाही.

या पोथ्यांची योग्यता जगाला कळली ती विसाव्या शतकात. रायबहादूर हिरालाल यांनी तयार केलेली मध्यप्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची १९२६ साली नागपुरात प्रसिद्ध झाली. तीत कारंज्याच्या भांडारांतील ग्रंथांचा समावेश होता. दुसरे हिरालाल म्हणजे डॉ. हिरालाल जैन, अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयातील संस्कृतचे प्राध्यापक. (या दोन हिरालालांची गल्लत अनेक स्मरणिकांतून झालेली आढळते.) अपभ्रंश भाषा ही आपल्या मराठी, हिंदी, गुजराती यांच्या आधीची पायरी. तिच्यातील कितीतरी काव्ये तोवर छापलेलीच नव्हती आणि त्यांच्या पोथ्या कारंज्याच्या कपाटांत रुमालांत बांधून ठेवलेल्या होत्या. गावातील अंबादास चवरे यांच्या नावाने ग्रंथमाला सुरू झाली. तीत डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादित केलेले पुष्पदंताचे 'जसहरचरिउ' १९३१ साली आले. त्यापाठोपाठ हिरालाल जैन यांनी संपादित केलेले 'सावयधम्मदोहा' १९३२ मध्ये, 'पाहुडदोहा' १९३३ मध्ये आणि मुनी कनकामरांचे 'करकंडचरिउ' १९३४ मध्ये प्रसिद्ध झाले. पुष्पदंताचेच 'णायकुमारचरिउ'ही १९३३ मध्ये कारंज्याहून निघाले. पुष्पदंत हा दहाव्या शतकातला, राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट येथे राहून लिहिणारा महाकवी. त्याचे काव्य हजार वर्षांनी पुन्हा वाचकांच्या हाती पडले ते एका तालुक्याच्या गावातील व्यापाऱ्यांच्या पैशातून. 'करकंडचरिउ'मध्ये तेरापूरच्या लेण्यांचे वर्णन आहे. धाराशिवजवळच्या लेण्यांच्या अभ्यासाला त्याचा मोठा उपयोग झाला.

याहून मोठे काम पुढे झाले. 'षट्खंडागम' आणि त्यावरील 'धवला' टीका यांच्या ताडपत्री प्रती मूडबिद्रीला होत्या आणि शतकानुशतके त्यांचे केवळ दर्शन घडत असे. मोठ्या खटपटीने नकला होऊन त्या उत्तरेत पसरल्या. डॉ. हिरालाल जैन यांनी अमरावतीहून १९३९ साली पहिला खंड प्रकाशित केला, तेव्हा पाठ जुळविण्यासाठी ज्या प्रती वापरल्या त्यांत आरा आणि अमरावतीच्या प्रतींबरोबर कारंज्याची प्रत होती. ती प्रत होती महावीर ब्रह्मचर्याश्रमातील. हा आश्रम १९१८ साली ब्रह्मचारी देवचंद यांनी कारंज्यात स्थापन केला. तेच पुढे मुनिश्री समंतभद्र महाराज म्हणून सर्वांना वंदनीय झाले. कुंभोजजवळच्या बाहुबलीचे गुरुकुल १९३४ साली त्यांनीच उभारले. तेव्हा दक्षिण महाराष्ट्रातील पिढ्यान् पिढ्यांच्या शिक्षणाचा एक धागा वऱ्हाडातील या गावाशी जुळतो.

भट्टारकांचा सारा वृत्तांत जुळवून देण्याचे काम डॉ. विद्याधर जोहरापूरकर यांनी केले. त्यांचा 'भट्टारक संप्रदाय' हा ग्रंथ १९५८ साली सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेत निघाला. मूर्तिलेख आणि पोथ्यांतील प्रशस्ती एकापुढे एक ठेवल्या तर केवढा इतिहास उभा राहतो, याचा तो वस्तुपाठच आहे. डॉ. सुभाषचंद्र अक्कोळे यांनी 'प्राचीन मराठी जैन साहित्य' लिहून गुणकीर्तींच्या 'धर्मामृता'पासूनची आपली मराठी परंपरा समोर आणली. आपल्या समाजाची ग्रंथालये पाहिली तर हे दोन्ही ग्रंथ तेथे असतातच असे नाही.

मात्र लेख वाचताना सावधगिरी हवी. एक उदाहरण पुरेसे आहे. कित्येक गावांच्या दिगंबर मंदिरांत पांढऱ्या पाषाणाची मूर्ती असते आणि तिच्यावर 'संवत १५४८ वैशाख सुदी ३' अशी मिती वाचायला मिळते. तेवढ्यावरून "आमचे मंदिर सव्वापाचशे वर्षांचे" अशी घोषणा होते. वस्तुतः त्या दिवशी, म्हणजे इ. स. १४९१ च्या सुमारास, मुडासा नगरीत शेठ जीवराज पापडीवाल यांनी भट्टारक जिनचंद्रांच्या हस्ते असंख्य मूर्तींची प्रतिष्ठा करविली आणि त्या देशभरातील मंदिरांना पाठविल्या. त्या लेखाने मूर्तीचे वय कळते, मंदिराचे नव्हे. आणि जीवराजांचे नाव वाचून कोणी त्यांना आपले पूर्वज मानू नये. काळगणनेचेही असेच आहे. शकात ७८ मिळवावेत, विक्रम संवतातून ५७ वजा करावेत. वऱ्हाड निजामाच्या अंमलाखाली असल्यामुळे येथल्या जुन्या कागदांत फसली सन येतो. त्यात ५९० मिळवावेत. महिन्याप्रमाणे एका वर्षाचा फरक पडू शकतो.

आता घरातल्या वह्यांकडे वळू. दिवाळीला, म्हणजे भगवान महावीरांच्या निर्वाणदिनी, ज्या चोपड्यांची पूजा होते त्या दहा-वीस वर्षांनी माळ्यावर जातात आणि घर पाडायच्या वेळी रद्दीत. कापडाच्या एखाद्या जुन्या पेढीचा रोजमेळ आणि खतावणी समोर ठेवली, तर त्यांत हिशेबाखेरीज काय काय सापडते! लुगडी, खण, पासोड्या, धोतरजोडे कोणत्या गावाहून आले. कोणत्या सालापासून हातमागाच्या मालाचे पान आखूड होत गेले आणि मिलच्या कापडाचे लांबले. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली. तिचा परिणाम वऱ्हाडातल्या लहान दुकानावर केव्हा झाला, हे सरकारी अहवालापेक्षा खतावणी अधिक नेमके सांगते. पुढे मूर्तिजापूर-यवतमाळ ही छोट्या रुळांची गाडी कारंज्यावरून धावू लागली. लोक तिला लाडाने 'शकुंतला' म्हणत. आता ती बंद आहे. बैलगाडीचे भाडे कोणत्या वर्षी संपले आणि रेल्वेचे कोणत्या वर्षी सुरू झाले, हेही 'वाहतूक खर्च' या सदरात मिळते.

आणखी एक खाते फार बोलके असते, ते धर्मादायाचे. गाठीमागे किंवा व्यवहारामागे ठरलेली रक्कम बाजूला काढून ती देवाच्या नावे जमा करण्याची रीत होती. दुष्काळाच्या साली धंदा बसलेला असताना या खात्यात किती जमा झाले आणि कोठे खर्ची पडले, हे पाहिले म्हणजे घराण्याची खरी परीक्षा होते. नफ्याच्या वर्षी दान कोणीही करतो. मंदिराच्या पावतीपुस्तकात हीच रक्कम दुसऱ्या बाजूने नोंदलेली असते. दोन्ही वह्या शिल्लक असल्या तर मेळ घालता येतो, एकच राहिली तर नुसता दावा उरतो.

अडचण अशी की या वह्या मोडीत आहेत. शाळांतून मोडी गेली ती गेल्या शतकाच्या मध्यास. ती सहज वाचणारी पिढी आता उरलेली नाही. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या ठिकाणी मोडी शिकविण्याची सोय झालेली आहे आणि तरुण मुले ती शिकतातही. परंतु त्या मुलांच्या हाती द्यायला घरात वही शिल्लक असली पाहिजे.

मंदिरांचीही स्थिती चिंता करण्याजोगी आहे. पितळी मूर्ती लखलखीत दिसाव्यात म्हणून त्या भांडी घासण्याच्या पुडीने, चिंचेने, कधी आम्लाने घासल्या जातात. भाव शुद्ध असतो, यात शंका नाही; पण दरवर्षी अक्षरांची धार थोडी थोडी झिजते आणि एके दिवशी 'सा' एवढेच शिल्लक राहते. जीर्णोद्धारात जुन्या दगडी चौकटी काढून संगमरवर बसविला जातो आणि चौकटीवरचा लेख भरावात जातो. विश्वस्तांकडे मालमत्तेची नोंद असते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० अन्वये ती ठेवावीच लागते. पण त्या नोंदवहीत काय आढळते? 'पितळी मूर्ती, नग बत्तीस, अंदाजे वजन इतके.' मोडीच्या दुकानात ज्या भाषेत तोलतात, त्याच भाषेत देवांची नोंद! चोरी झाली तर पोलिसांना सांगायला ना उंची, ना लांछन, ना लेख, ना छायाचित्र. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांवरील मूर्ती आणि पंचाहत्तर वर्षांवरील हस्तलिखित ही पुरावस्तू ठरते. हे सर्व विश्वस्तांना ठाऊक असते असे नाही.

काम फार अवघड नाही आणि त्याला मोठा निधीही लागत नाही. दशलक्षण पर्वाच्या आधी एक दिवस ठरवावा. मूर्ती स्वच्छ, मऊ, कोरड्या वस्त्राने पुसावी; घासू नये. दिवा समोरून न धरता बाजूने तिरपा धरावा, म्हणजे अक्षरांच्या सावल्या पडतात आणि डोळ्यांना न दिसणारे अक्षर छायाचित्रात उमटते. आज प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. पुढची बाजू, मागची बाजू, पीठ आणि लांछन अशी चार छायाचित्रे घ्यावीत. लेख जसा असेल तसाच उतरवावा. अशुद्ध वाटले म्हणून सुधारू नये, आणि न लागलेल्या अक्षराच्या जागी टिंबे द्यावीत, अंदाज भरू नये. पोथीचा रुमाल सोडताना पानांचा क्रम मोडू नये. पहिले आणि शेवटचे पान प्रथम पाहावे. हे काम घरातील सुना-मुलींनी हाती घेतले तर अधिक बरे, कारण माहेर आणि सासर अशी दोन्ही घराणी त्यांनाच जुळविता येतात. उतरविलेल्या लेखांची एक प्रत मंदिराच्या दप्तरात, एक ट्रस्टच्या कार्यालयात आणि एक ज्या घराण्याचे नाव निघेल त्या घरी द्यावी.